वेणीचा फोटो कुणी टाकला

थांबा, मला हे आत्ताच सांगायचंय. आत्ता म्हणजे आत्ता. उद्यावर ढकललं तर मी वाक्यं नीट लावत बसेन, आणि नीट लावली की त्यात मी बरी दिसायला लागेन. तसं व्हायला नकोय. दोन्ही मुलींना आधी विचारलंय. दोघीही "लिही" म्हणाल्या, फक्त नावं नकोत. म्हणून कुणाचंच नाव नाही.

तर, मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत ट्रेनी आहे. आठवडाभर तिथे पार्ट मोजत बसते आणि रविवारी द्वारका चौकाजवळच्या एका संस्थेत जाते. ज्या पोरापोरींनी कुणाला तरी मारलंय, जोरात मारलंय, अशांसोबत तिथे काम चालतं. प्रत्येकाला एक ताई किंवा दादा मिळतो. तो दर आठवड्याला भेटतो, बोलतो, राग आल्यावर काय करायचं ते शिकवतो. मग सगळी तयारी झाली की मारणारा आणि मार खाणारा यांना समोरासमोर बसवतात. टेबल-खुर्ची नाही, एक मोठी सतरंजी असते. फोन दाराशी एका स्टीलच्या डब्यात ठेवायचे. आमच्या मॅडम, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या बाई, तीनच प्रश्न विचारतात. काय झालं? कुणाला काय त्रास झाला? आता तू काय करणार? बास.

मला जी मुलगी मिळाली तिला मी "माझी पोरगी" म्हणायचे. ती सतरा वर्षांची आणि मी तेवीस, तरी माझी पोरगी! ऑफिसात पण सांगायचे, "माझ्या पोरीने आज हे केलं, ते केलं." नाशिकरोडच्या पुढे त्यांचा फुलांचा मळा आहे, झेंडू आणि शेवंती. ती पहाटे फुलं तोडून मग क्लासला जाते. झेंडू तोडून तोडून तिची बोटं काळी-हिरवी झालेली असतात, कितीही घासली तरी निघत नाहीत. क्लासमधली एक मुलगी, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून स्कूटीवर येणारी, एकदा जिन्यात तिला म्हणाली, "ए, तुझ्या हाताला कायम झेंडूचा वास येतो. रोज मयतीला जाऊन येतेस का?"

माझ्या पोरीच्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. तीच तिने तिच्या तोंडावर घातली.

स्कूटीवालीचा पुढचा दात अर्धा तुटला. जिन्यात दोघींशिवाय कुणीच नव्हतं. पोलीस ठाण्यात दोन्ही घरं बसली, रडारड, आरडाओरडा, सगळं झालं आणि शेवटी ठरलं की आधी आमच्याकडे बोलून बघायचं. जमलं नाही तर तक्रार पुढे जाणार. म्हणजे माझ्या पोरीचं सगळं त्या सतरंजीवर अवलंबून होतं. तिचे वडील मला म्हणाले होते, "ताई, केस झाली तर मी तिचं शिक्षण बंद करून लग्न लावतो, मला दुसरं काय येत नाय." तिला नर्सिंगला जायचंय. मला हे सगळं माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आम्ही खूप तयारी केली. मी तिला एक गोष्ट शिकवली होती: राग डोक्यात गेला की हातात जे असेल ते शेजारच्याच्या हातात द्यायचं आणि "हे धर" म्हणायचं. ती हसायची. "आन शेजारी म्हैस असली तर?" मी म्हणायचे, मग म्हशीला दे.

आणि ती पहिली बैठक इतकी भारी झाली! खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला. माझी पोरगी म्हणाली, "मी मारलं. तू बोललीस म्हणून नाय, मला मारावं वाटलं म्हणून मारलं. तुझा दात माझ्यामुळं गेला." स्कूटीवाली पण म्हणाली की ते मयतीचं मी बोलायला नको होतं. मग मॅडमनी तिला विचारलं, तुला काय हवंय?

ती तोंडावर हात ठेवून बोलायची तेव्हा. दातावर कॅप बसवली होती, तरी हात जायचाच. म्हणाली, "मला काहीच नको. फक्त क्लासमध्ये कुणाला कळू नये. मी स्कूटीवरून पडले असं सांगितलंय सगळ्यांना. तेच राहू दे."

माझी पोरगी लगेच म्हणाली, "नाय कळणार. माझ्याकडून नाय."

एवढाच करार होता. एका वाक्याचा.

निघताना माझ्या पोरीने पिशवीतून शेवंतीची वेणी काढली. घरूनच गुंफून आणली होती, पण द्यायची की नाही ते तिचं ठरत नव्हतं. स्कूटीवाली पाठ करून उभी राहिली आणि हिने तिच्या केसात ती माळली. मी तोवर डब्यातून फोन काढला होता. मी फोटो काढला. फक्त पाठ, पाठीवरची बॅग, केस, वेणी आणि ती काळी-हिरवी बोटं. चेहरा नाही, नाव नाही. मला वाटलं, मी किती काळजी घेतली!

घरी जाताना रिक्षातच स्टेटस टाकलं. द्वारकेचा सिग्नल सुटायच्या आत. लिहिलं काय, तर "एका फटक्यात तुटलेला दात, एका वेणीत जुळलेली मनं. प्राउड ताई." पुढे लाल बदाम. धडाधड रिप्लाय यायला लागले. "किती गोड", "तुझा अभिमान वाटतो", "रडवलंस गं". मी एकेक वाचत घरी गेले, आईने दोनदा हाक मारली तरी मला ऐकू गेलं नाही.

माझी मामेबहीण त्याच क्लासला जाते. हे मला माहीत होतं का? हो, होतं. आठवलं का? नाही.

तिने स्कूटीवालीच्या बॅगेला लटकणारं पिवळं बदक ओळखलं. माझं नाव कापून तिने स्क्रीनशॉट एका मैत्रिणीला पाठवला, तिने क्लासच्या ग्रुपवर. सकाळपर्यंत सगळं झालं होतं. "स्कूटीवरून पडली म्हणे!" "वेणी घ्या, दात द्या." "ए, हिला बाटलीतून पाणी नका देऊ." कुणीतरी स्कूटीवालीला थेट विचारलं, "हसून दाखव ना, कुठला आहे खोटा?" ती क्लास अर्धा सोडून घरी गेली.

सोमवारी कंपनीत असताना मामेबहिणीचा मेसेज आला, "दीदी, सॉरी, जरा गडबड झाली." मी वॉशरूममध्ये जाऊन स्टेटस काढून टाकलं. बघणाऱ्यांच्या यादीत संस्थेतलं कुणीच नव्हतं, ते आधी तपासलं. आणि तेवढ्यात आमच्या ताई-दादांच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. स्कूटीवालीच्या आईने फोन केला होता, बैठकीतली गोष्ट बाहेर फुटली आहे, कुणाला काही माहिती आहे का?

मी काय टाइप केलं सांगू? "अरे बापरे, असं कोण करेल?"

विचार करून नाही लिहिलं, बोटांनी आपसूक लिहिलं. पण नंतर ते वाचलं, आणि तसंच राहू दिलं. वर एक रडका चेहरा टाकला.

आता फोटो बाहेर गेलाय म्हटल्यावर सगळ्यांनी काय धरलं असेल? खोलीत होतं कोण? मॅडम, स्कूटीवालीची आई, मी आणि त्या दोघी. मॅडम असं करणार नाहीत, ताई तर करणारच नाही. मग उरलं कोण? जिने बाटली मारली ती. फोटो हिने आठवण म्हणून मागून घेतला असेल आणि ती "प्राउड ताई" म्हणजे हिचीच कुणी बहीण असेल, असं सगळ्यांनी धरलं. कुणी मला विचारलंसुद्धा नाही. माझ्यावर संशयच आला नाही कुणाचा, आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

बुधवारी माझ्या पोरीचा फोन आला. "ताई, सगळे माझ्याकडंच बघतात. मी कुणाला नाय सांगितलं गं. घरी पण नाय. तुला खरं वाटतं ना?"

मी म्हणाले, "वाटतं गं. मला माहितीये."

मला माहितीये! असं म्हणाले मी. मला सोडून अजून कुणाला माहीत असणार होतं?

"तू येशील ना रविवारी?" ती म्हणाली. "मग काय टेन्शन नाय."

तिने एकदाही विचारलं नाही की तो फोटो काढला कुणी. तिने मला फोन हातात घेताना बघितलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही.

तो आख्खा आठवडा मी गप्प बसले. दर वेळी नवं कारण सापडायचं. आत्ता सांगितलं तर संस्थेचं नाव खराब होईल. आत्ता सांगितलं तर तिला धक्का बसेल. नंतर समजावून सांगू. कारणं एकदम चांगली होती, पण सगळ्यांत वाचत मीच होते.

रविवारी परत सतरंजी. स्कूटीवालीची आई आल्या आल्या म्हणाली, "मी बसायला नाही आले. सांगायला आले. आम्ही उद्या तक्रार पुढे नेतोय." मॅडमनी विनंती केली तेव्हा त्या टेकल्या, पण अगदी कडेला, पर्स मांडीवर धरून. मी माझ्या पोरीच्या शेजारी. ताई म्हणून.

"मी नाय सांगितलं," माझी पोरगी म्हणाली.

"मग कुणी? भिंतींनी?" त्या काकू म्हणाल्या. "आधी दात तोडायचा, मग गावभर मिरवायचं. तुमच्यासारख्यांना काय, लाज आहे का? वेणी घालतेय म्हणे! आणि माझी वेडी मुलगी पाठ करून उभी राहिली."

"काकू, मी खरंच..."

"काकू नको म्हणू मला."

माझ्या पोरीचा श्वास वाढला. आता ती प्लॅस्टिकची बाटली वापरते. ती तिने इतकी आवळली की कडकड वाजली. मी बघतेय. मॅडम बघतायत. स्कूटीवाली मागे सरकली. आणि माझ्या पोरीने ती बाटली माझ्या मांडीवर ठेवली.

"ताई, हे धर."

मी धरली. ती ओली होती, तिच्या घामाने. आणि मग माझ्या तोंडातून निघालं, "फोटो मी टाकला होता. माझं स्टेटस होतं ते. हिने काहीच नाही केलं."

बाहेर कुठली तरी बस हॉर्न देत राहिली. मग स्कूटीवाली, जिचा मी आवाज पण नीट ऐकला नव्हता इतकी ती हळू बोलायची, म्हणाली, "म्हणजे प्राउड ताई तू?"

मी मान हलवली.

मॅडम ओरडतील असं वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तिथून ऊठ. इकडे समोर बस." समोर म्हणजे पहिल्या बैठकीत माझी पोरगी बसली होती ती जागा. मी बसले. "काय झालं?" त्यांनी विचारलं. तोच आवाज, तोच प्रश्न.

मी सुरू केलं, "माझा हेतू खरंच चांगला..."

"ताई, हेतू नको," माझी पोरगी म्हणाली. चिडून नाही. मी तिला सरावात जसं अडवायचे ना, तसंच. "काय केलं ते सांग."

मग सांगितलं. स्टेटस, डिलीट, "अरे बापरे", बुधवारचा फोन, सगळं. बुधवारच्या फोनपाशी आले तेव्हा तिने माझ्याकडे बघणं बंद केलं. मी रडायला लागले, तर काकू म्हणाल्या, "आता तू रडू नकोस बाई, आमची पाळी आहे." बरोबरच होतं ते. माझं रडणंच थांबलं.

स्कूटीवालीने माझ्याकडून एवढंच मागितलं की क्लासच्या ग्रुपवर मी माझ्या नावाने खरं लिहायचं, आणि हिने तोंड उघडलं नाही हेही लिहायचं. तिथेच बसून लिहिलं, मामेबहिणीकडून ग्रुपवर टाकून घेतलं. मला वाटलं काहीतरी मोठं होईल. दोन अंगठे आले आणि एकाने लिहिलं, "ओके ताई." मग टेस्टच्या पोर्शनवर चर्चा सुरू झाली. स्कूटीवालीला अजून चिडवतात, ती मला म्हणाली. कमी, पण चिडवतात. ते मी परत घेऊ शकत नाही.

तक्रार पुढे गेली नाही. जाताना काकू माझ्या पोरीसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला मी नाही नाही ते बोलले." तिने मान हलवली.

मग आम्ही दोघी पायऱ्यांवर उभ्या होतो. मी विचारलं, "पुढच्या रविवारी भेटायचं ना?"

ती बोटांवरचा काळा डाग खरवडत होती. म्हणाली, "नाय ताई. राग नाय आला तुझा. म्हणजे आलाय, पण त्याच्यामुळं नाय. मी तुला काय काय सांगितलंय, माझ्या बापाचं, घरचं. आता सांगताना मला वाटत राहील, हे कुठं टाकेल का. मॅडमला दुसरी ताई मागितलीय मी."

मी म्हणाले, "चालेल." चालत नव्हतं. पण तिच्यासमोर अजून काय म्हणणार होते?

आता तिला दुसरी ताई आहे, शांत आहे, स्टेटसबिटेस ठेवत नाही. मॅडमनी मला काढलं नाही. मी रविवारी जाते, सतरंजी घालते, चहा ठेवते, बैठक सुरू झाली की बाहेर बसते. दोघींच्या पुढच्या बैठका अजून चालू आहेत, त्या येताना दिसतात. स्कूटीवाली हसते. माझी पोरगी, म्हणजे ती, "ताई" म्हणते आणि आत जाते. "हे लिहू का" एवढं सोडलं तर मी तिला काही विचारत नाही.

तुमचं असं झालंय का कधी? तुम्ही केलेलं दुसऱ्या कुणाच्या नावावर जात होतं, ते माणूस तुमच्यावर विश्वास टाकून शेजारी बसलं होतं, आणि तुम्ही गप्प बसलात? असेल तर सांगा ना. नंतर ते माणूस परत तुमच्याशी बोललं का?