माळावरच्या बायका

बहात्तरच्या दुष्काळातल्या एका भर दुपारी आमच्या अंगणात एक हरणी येऊन उभी राहिली. कुत्री सावलीला निपचित पडलेली, एकानंही मान उचलली नाही. हरणीच्या बरगड्या सुपातल्या कामट्यांसारख्या दिसत होत्या, जीभ एका बाजूला लोंबत होती, आणि तिचे काळेभोर, ओलसर डोळे ओसरीवरच्या रांजणाकडे लागलेले होते. रानातलं जनावर माणसाच्या दारात येतं तेव्हा त्याच्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याच्या मागे लागलेलं असतं, हे मला पुष्कळ नंतर उमगलं. तेव्हा मी फक्त अक्काचा पदर धरला.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, नीलव्वा. अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली, तरुणपणीच कपाळ पांढरं होऊन सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या या माळावरच्या गावात परत आलेली. तिच्या मराठीत कानडी असं मिसळलेलं असायचं की कुठलं कुठं संपतं ते आम्हालाच कळत नसे. तिनं रांजणातलं तळाचं पाणी परातीत ओतलं, परात अंगणाच्या मधोमध ठेवली आणि चार पावलं मागं सरून हलक्या आवाजात म्हणाली, “बा… बा तायी… नीरु कुडी.” ये माये, पाणी पी. हरणी प्यायली. परातीच्या काठावर तिचे दात लागल्याचा तो बारीक, किणकिणता आवाज… आणि मग ती वळून, लटपटत, वेशीच्या पलीकडे निघून गेली. त्या रात्री आम्ही पाण्यावाचून भाकरी खाल्ली. रेशनवर आलेल्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची भाकरी ती. कोरडी घशाखाली उतरता उतरत नसे.

त्या दिवसांना एक वास होता. फुटलेल्या खडीचा, तापलेल्या मुरमाचा, कामावर खायला वाटायच्या त्या सुकडीच्या पोत्यांचा. गावच्या बायका दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या आणि संध्याकाळी केसांत, भुवयांत दगडाची पांढरी भुकटी घेऊन परतायच्या, तेव्हा सगळ्याच एकाएकी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या. टँकर येऊन आडात पाणी ओतून जायचा आणि ते गढूळ पाणी निवळायच्या आत पोहऱ्यांची झुंबड उडायची. अशा त्या दिवसांत अक्कानं खडीवरच्या बायकांपुढे गोष्ट काढली : आपापल्या घागरीतलं तांब्याभर पाणी माळाच्या कडेच्या जुन्या दगडी डोणीत ओतायचं. हरणांसाठी.

आधी सगळ्या हसल्या. मग शेवंताबाई धनगरीण उठली. अंगानं उंच, रापलेली, मेंढरं राखून आवाज फाटलेली. “नीलव्वा म्हनती ते खरं हाय,” ती म्हणाली. “काल व्हळात दोन पाडसं मरून पडल्याली. आईच्या आचळाला तोंड लावून. माज्यानं बघवलं न्हाय.”

सरपंच तात्यांच्या कानावर हे गेलं, तेव्हा ते डोणीपाशी येऊन उभे राहिले. तात्या वाईट माणूस नव्हता. त्या वर्षी टँकरसाठी त्यानं किती दारं पुजली ते गावानं पाहिलं होतं.

“अक्का, माणसं तडफडत्यात आन् तुमी हरणास्नी पानी पाजताय? लोकं तोंडात शेण घालतील की.”

“घालू देत,” अक्का म्हणाली. “आमच्या वाटणीतलं देतोय. तुमच्या घागरीला हात लावला का?”

तात्या वळले. जाताना त्यांनी डोणीत वाकून पाहिलं. तळाला ओंजळभरच पाणी होतं आणि त्यात चिमण्या भिजत होत्या.

पुढच्या साली पाऊस आला. जनावरं जगली, पण माळ उघडा पडला होता. गवताच्या मुळ्यासुद्धा गुरांनी उकरून खाल्लेल्या. देवळामागचा माळाचा मोठा तुकडा काही वर्षं तरी कुणी चारायचा नाही, असं त्याच बायकांनी ठरवलं आणि पाळीपाळीनं राखण सुरू केली. त्यांच्या त्या गोताला नाव नव्हतं. गाव त्यांना नुसतं ‘माळावरच्या बायका’ म्हणायचं, कधी चेष्टेनं, कधी कुरकुरत. सगळ्यांत जास्त पोळली ती शेवंताबाई. मेंढरं घेऊन तिला पार दुसऱ्या शिवारात जावं लागे. त्या पहिल्या वर्षी तिची कितीतरी कोकरं वाटेतच गेली. नवरा तिच्याशी बोलेना. तरी तिनं आपलं एक मेंढरू त्या गवताला तोंड लावू दिलं नाही. “गवत बी बाळंतीण हाय,” म्हणायची. “तिला उठू द्या की जरा.”

आणि ते उठलं. आधी पोपटी लव, मग पवन्या, मारवेल, कुसळी… श्रावणात वारा सुटला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. सकाळी दवानं भिजलेल्या गवताचा गोडसर, दुधट वास थेट आमच्या चुलीपर्यंत यायचा. लावे आले, खोकड आलं, काळविटांचे कळप उड्या घेत दिसू लागले. आणि एका वर्षी अक्का मला हाताला धरून बांधाआड घेऊन गेली, पोटावर झोपवलं आणि कानात म्हणाली, “हलू नको. हिवराच्या डाव्या अंगाला बघ.”

गवतातून एक लांब, राखाडी-पांढरी मान वर आली. डोक्यावर काळी टोपी. पक्षी कसला, एखादं पोक्त माणूस धोतराचा सोगा सावरत शेत बघायला निघावं तसा तो चालत होता. माळढोक! दुष्काळापासून कुणाच्या नजरेला पडला नव्हता. त्याच्यामागे थोडी लहान, सावध मादी. पुढे काही दिवसांनी शेवंताबाईनं खबर आणली : उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला मादीनं अंडं घातलंय. एकच घालते ती, साऱ्या वर्षात. बायका त्या अंगानं फिरकेनात. डोक्यावरचा भारा घेऊन लांबचा वळसा घालायच्या. बोलायच्या तेसुद्धा कुजबुजत, जणू कुणाच्या घरात तान्हं निजलंय.

याच सुमारास सोलापुरात कुणाच्या तरी तोंडून माळावरच्या बायकांची गोष्ट साहेबलोकांपर्यंत गेली. त्यांचा जाहीर सत्कार करायचा ठरलं. तात्यांना आभाळ ठेंगणं झालं. ज्या गावाचं नाव टँकरच्या रडगाण्याशिवाय कुणी घेतलं नव्हतं, तिथं जीपगाड्या येणार होत्या. मांडव माळावरच घालायचा बेत झाला.

अक्का तात्यांच्या दारी गेली. मी सोबत होते. आमच्या घरातली बाई कुणाच्या दारात अशी हात जोडून उभी राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

“देवळाम्होरं घ्या की तात्या. आता तितं नको. पाखरू बसलंय.”

“अक्का, साहेबास्नी गवत बघायचं हाय. गवत काय देवळात आनून दाखवू?” तात्या समजावणीच्या सुरात म्हणाले. “आन् घटकाभराचं तर काम. लांब ऱ्हातंय ते हिवराचं झाड.”

सत्काराच्या दिवशी ऊन-पावसाचा खेळ चालला होता. जीपगाड्या गवतात चाकोऱ्या पाडत आल्या. कर्ण्यातून गाणी वाजू लागली, लेझीम झाली, आम्ही शाळेतल्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. नव्या परकराचा कडकपणा, गुलालाचा, अत्तराचा आणि चिरडलेल्या गवताचा वास… हे सगळं मला इतकं आवडत होतं की मी भान हरपून गात होते. माळावरच्या बायका एका ओळीत, डोईवरून पदर घेऊन बसल्या होत्या. एकेकीचं नाव पुकारलं जाई. ती उठे, शाल-नारळ घेई आणि कुठं बघावं न कळून जमिनीकडे बघे. शेवंताबाईचा नवरा गर्दीत उभा होता. बायकोचं नाव आल्यावर त्यानं डोळे पुसलेले मी पाहिले.

अक्काचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्याच वेळी हिवरापाशी ती मोठी पाखरं… नाही, एकच… मादी जमिनीवरून उठली. जड पंख हलवत, खाली खाली, मांडवाला वळसा घालून ती लांब दक्षिणेकडे गेली. साहेब कौतुकानं बोट दाखवून म्हणाले, “वा! काय योग आहे!” लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. अक्काच्या खांद्यावर शाल होती, हातात नारळ. ती दिसेनाशी होईपर्यंत अक्का तिकडं बघत राहिली.

मांडव उतरला, माणसं पांगली, पाऊस पडून चाकोऱ्यांत पाणी साचलं. मादी आली नाही. बायका बांधाआडून बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. अंडं तसंच होतं, धड, न फुटलेलं, मातकट, पावसानं धुतलेलं. मी म्हटलं, घरी नेऊन कोंबडीखाली ठेवूया. अक्कानं मान हलवली. “गार झालंय तंगी,” मायेनं ती मला असंच, कानडीत ‘धाकटी बहीण’ म्हणायची. “हात लावायचा न्हाय.” मग एका सकाळी ते तिथं नव्हतं. कावळा असेल, मुंगूस असेल.

तात्या संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. बराच वेळ पागोट्याचं टोक चाळवत होते. “चुकलं अक्का,” शेवटी म्हणाले.

“तुमचं काय चुकलं?” अक्का म्हणाली. “आमचं कौतुक व्हायचं व्हतं, झालं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

बायकांनी राखण सोडली नाही. पण त्या तुकड्यात माळढोक अक्काच्या हयातीत पुन्हा बसला नाही. काही वर्षांनी अक्का गेली. आमच्या रीतीप्रमाणे तिला आमच्याच रानात, माळाला लागून, पुरलं. शेवंताबाई तिच्यामागे थोडंच जगली. मग गावात बोअर आली, ऊस आला. मुलं सोलापूरजवळच्या चिंचोळीच्या कारखान्यांत कामाला लागली. माळाचा एक भाग नांगराखाली गेला, एक कुंपणात. माळढोक आता जिल्ह्यातच जवळजवळ दिसेनासा झालाय. हरणं मात्र वाढली, पुष्कळ वाढली.

मागच्या हिवाळ्यात मी भावाकडे गेले होते. दिवस मावळताना काळविटांचा कळप हरभऱ्यात उतरला, आणि भाच्यानं बांधावरून फटाक्यांची माळ पेटवून भिरकावली. धुराच्या वासात ती सगळी जनावरं एकदम उधळली. पाडसं मागं पडली, धडपडली, पुन्हा धावली. खुडलेल्या, तुडवलेल्या हरभऱ्याकडे बघत तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की धुराचं, कळलं नाही.

“आत्या, खरं सांग,” तो म्हणाला, “ही हरणं जगवायला तुमास्नी सांगितलं कुनी व्हतं?”

मी त्या रिकाम्या होत गेलेल्या रानाकडे पाहिलं.

“कुणीच नाही रे,” मी म्हटलं.