वरणाचं पाणी

आई मंगळवारी सकाळी गेली. त्या दिवशी शाळा होती. मी गेले नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, अंजनगावची आत्या तेवढी राहिली. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे चुलीच्या धुरात बसायला मनाई. ती दारात पाट टाकून सांगायची आणि मी करायची. मी सहावीत होते. भाकरी महिनाभरात जमली, भाजीही जमली. वरण जमेना. बाबांना पोटाचा जुना विकार, रात्री त्यांना मऊ वरण-भातच चाले, आणि माझी डाळ दोन-दोन तास रटरटूनही टणकच राही. बाबा जेवून उठले की ताटात भाताखाली लपवलेलं वरण दिसे.

आत्या माझ्यावर चिडली नाही, पण तिनं ठरवून टाकलं. दिवाळीपर्यंत वाट पाहायची, नाही तर बाबांनी अंजनगावला बदली मागायची आणि सगळ्यांनी तिच्याकडे राहायचं. तिथे मला शाळेत घालणार नाही, हेही तिनं सांगून ठेवलं.

"बापाले जेवण भेटत नाई अन् पोरगी गाडीत बसून शाळेत जाऊन राहिली," ती म्हणाली. "लोकं मले इचारतीन."

बाबांनी मान हलवली. त्या मान हलवण्यात होकार होता.

आमचं गाव अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात, रेल्वेच्या मार्गावर. मी रोज सकाळच्या गाडीनं मूर्तिजापूरला शाळेत जाई. गावातल्या विहिरींचं पाणी मचूळ, साबणाला फेस येत नसे. पण आम्ही तेच पीत वाढलेलो. ते मचूळ आहे हे आम्हाला बाहेरगावचे लोक सांगत. इतर घरांत बेसन-भाकरी, अंबाडीची भाजी असायची. वरण सणाला. रोज वरण लागणारं घर आमचंच होतं.

मला रागापेक्षा नवल जास्त वाटे. आई शिजवायची तीच डाळ, तीच चूल, तेच पातेलं. मग माझ्या हातात असं काय कमी होतं? जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर मी रकाने आखले: डाळ किती भिजवली, तेल घातलं का, हळद आधी की नंतर, झाकण होतं की नाही. रोज एक गोष्ट बदलून पाहायची आणि रात्री लिहायचं. सगळ्या ओळींच्या शेवटी एकच शब्द होता: नाही. वहीत पाण्याचा रकाना नव्हता.

पावसाळा संपता संपता शाळेच्या बाईंनी आम्हा सहा मुलींना अमरावतीला नेलं. तिथल्या अध्यापिका विद्यालयात शनिवार-रविवार मुलांसाठी स्वयंपाकाचं शिबिर होतं. बाबांनी मला पाठवलं ते आत्याला एवढंच सांगून, की शिकून येईल. मी फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी भरून घेतलं. बाहेरचं पाणी पिऊन पोट बिघडेल, असं आत्याचं म्हणणं होतं.

शिबिरात मुलगेही होते. किलो-ग्रॅमची मापं तेव्हा नुकती आलेली. शिकवणाऱ्या बाई ग्रॅम सांगत आणि आम्ही मनात पावशेराचा हिशेब करत बसायचो. आमच्या गटात वरण माझ्या वाट्याला आलं. मी बाईंना हळूच सांगितलं की मला भाजी द्या, माझ्या हातानं डाळ शिजत नाही. त्या म्हणाल्या, मग वरणच कर, बघू या.

पाऊण तासात डाळ विरघळली. मला पहिल्यांदा वाटलं की कुणी पातेलं बदललं. पळीनं ढवळून मी तळापर्यंत पाहिलं. एकही दाणा पळीला लागला नाही. मी बाईंकडे वही घेऊन गेले. त्यांनी सगळी पानं सावकाश वाचली, हसल्या नाहीत, आणि विचारलं, "घरी पाणी कोणतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन शेगड्या पेटवायला लावल्या. एकाच डब्यातली डाळ, दोन सारख्या पातेल्या. एकीत तिथल्या नळाचं पाणी, दुसरीत माझ्या तांब्यातलं उरलेलं. सगळी मुलं भोवती उकिडवी बसली. तासाभरानं एका पातेलीत वरण होतं आणि दुसरीत डाळ होती. पाण्यातल्या क्षारांमुळे असं होतं, एवढंच बाईंनी सांगितलं.

अमरावतीच्या एका मुलानं ती डाळ दातानं फोडून पाहिली. "खारं पानी पिऊन अकोल्याचे लोकंबी असेच राहत असतीन," तो म्हणाला. "कितीबी शिजवा."

"आमी टणक तं टणक," मी म्हणाले. "तुमचा तं पाऊण तासात गाळ होते."

आई गेल्यानंतर मी कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं.

निघताना तांब्यात अमरावतीचं पाणी भरलं. गाडीत माझ्या लक्षात आलं की हे एका दिवसाचं वरण आहे. दुसऱ्या दिवशी काय, ते सुचत नव्हतं. आमच्या स्टेशनावर उतरले तेव्हा हातातला तांब्या मी इतका जपून धरला होता की तिकिटं गोळा करणाऱ्या पोर्टरकाकांनी विचारलं, त्यात काय आहे. मी सांगितलं. त्यांनी फलाटाच्या टोकाच्या नळाकडे बोट केलं. तो नळ रेल्वेच्या लोकांसाठी होता.

"गोडं पानी तं इथंच हाय. तुही माय टेसन मास्तरच्या घरी दूध घालून जाताना रोज चरवी भरून नेत होती. कोनाले सांगू नका म्हने, नाई तं सारं गाव येईन."

आईची ती पितळी चरवी मी रोज पाहिली होती. ती रिकामी परत येते, असं आम्ही सगळे समजत होतो. आई गेल्यावर म्हैस मामाकडे गेली आणि चरवी फळीवर पालथी पडली होती.

त्या रात्री बाबांनी ताटात काही ठेवलं नाही. आत्यानं वरणाचा थेंब बोटांत चोळून पाहिला. "हात बसला पोरीचा," ती म्हणाली. मी तिला तसंच समजू दिलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडीला जाताना चरवी पोर्टरकाकांकडे ठेवायची आणि संध्याकाळी भरून घरी न्यायची. शाळा सुटली असती तर पाणीही सुटलं असतं. दिवाळीला आत्या एकटीच अंजनगावला गेली.

बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. आधी आईनं सांगितलं नव्हतं म्हणून, मग राहून गेलं. या वर्षी तेही गेले.

चरवी माझ्याकडे आहे. तिची कडी तुटली आहे.