पुस्तकांची स्थळं

कांदिवलीतल्या सगळ्या वधुवर सूचक मंडळांनी मिळून जेवढी लग्नं जमवली नसतील, तेवढी कॉलेजच्या पुस्तकांची स्थळं माझ्या मोठ्या काकूने एकटीने जमवली आहेत, आणि त्यातलं एकही मोडलेलं नाही. कॉलेजचं पुस्तक दुकानातून नवंकोरं आणणं ही तिच्या लेखी शुद्ध उधळपट्टी. "वर्षभर वापरूचा नि माळ्यार टाकूचा, तां नवा कित्याक व्हया?" असं ती भल्याभल्यांना विचारते. निकाल लागले की ओळखीतल्या पास झालेल्या पोरांच्या घरी ती पहिली पोचते. अभिनंदन दारातच उरकते आणि आत येऊन विचारते, "पुस्तकां खंय आसत?" पैशांचा विषय काढलेला तिला खपत नाही. देणाऱ्याच्या घरी गावचा एक नारळ जातो आणि घेणाऱ्याने पुढच्या वर्षी पुस्तक जसंच्या तसं परत आणायचं, एवढाच करार.

पण पुस्तक कुणालाही मिळत नाही. त्याआधी बघण्याचा कार्यक्रम होतो. होतकरू मुलगा किंवा मुलगी काकूच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसते, समोर कांदेपोहे येतात आणि काकू म्हणते, "हात बघू." बोटांना शाई दिसली की तिचं तोंड आंबट होतं. पान दुमडतोस का, थुंकी लावून उलटतोस का, हे प्रश्न ती अशा सुरात विचारते की खरं उत्तर द्यायची कुणाची छाती होत नाही. हायलायटर वापरणाऱ्यांना तिने दारुड्यांच्या रांगेत बसवलंय. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका हुशार पोराने बोलता बोलता चहाचा कप वहीवर ठेवला आणि इंजिनीअरिंगच्या पहिल्या दोन सेमिस्टरची अख्खी पुस्तकं त्याच्या हातून गेली. पुढच्या वर्षी त्याची आई गयावया करायला आली, तेव्हा काकूने त्याला पुन्हा चहा दिला आणि कप जमिनीवर ठेवलेला बघूनच कपाट उघडलं. निघताना प्रत्येकाला एकच ताकीद असते: पुस्तक बॅगेत कोंबायचं नाही, छातीशी धरून न्यायचं.

मी फार्मसीला गेले तेव्हा बाबांच्या कंपनीला टाळं लागलं होतं आणि फी मोठ्या काकांनी भरली होती. सगळी पुस्तकं अर्थात काकूने जमवली. तरी दुसऱ्या वर्षी एका विषयात मला केटी लागली. पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर दुसऱ्यांदा फी भरायची ऐपत घरात कुणाचीच नव्हती. तेव्हा काकूने थेट मानखुर्द गाठलं. तिथली सुजाता आमच्याच कॉलेजात माझ्या पुढे होती आणि त्या विषयात पहिली आलेली. तिचं पुस्तक काकूने मिळवलं आणि म्हणाली, "जरा तयार करून देतंय." आठवड्याने पुस्तक माझ्या हातात आलं. कॅलेंडरच्या गुळगुळीत पानाचं कव्हर, नव्या दोऱ्याने शिवलेली पाठ, आणि आतली पानं स्वच्छ, पांढरीशुभ्र. सुजाताने वर्षभर समासात पेन्सिलीने लिहिलेली सोपी टिपणं, औषधांची नावं लक्षात ठेवायच्या युक्त्या, सगळं काकूने दुपारभर बसून रबराने खोडून काढलं होतं. "कित्याक रडतंस गो? बघ कसा नव्यासारखा केलंय," ती म्हणाली. मी तिला खरं काय झालंय ते सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. माझं मनगट धरून ती मला मानखुर्दला घेऊन गेली, आणि सुजाताच्या दारातच उभी राहून म्हणाली, "पोरी, तुझी सगळी मेहनत मी पुसून टाकली. आता काय करायचं ते तू सांग." सुजाता आधी बघतच राहिली, मग पोट धरून हसली. "काकू, तुम्ही रबर पण चांगला वापरता हां. बसा आत. परत लिहू, त्यात काय. ए, पेन्सिल काढ ना." परीक्षेपर्यंतचे सगळे रविवार आम्ही तिथे गेलो. सुजाता समजावून सांगायची, मी समासात लिहायची, आणि काकू कोंबडीवड्यांचा डबा मांडीवर घेऊन आमच्या पेन्सिलींना टोक काढत बसायची. केटी सुटली. मी पास झाले ते पुस्तकावर नाही, पुसलेल्या पुस्तकावर, असं सुजाता आणि मी आजही हसत म्हणतो.

तेव्हापासून काकूचा नियम बदलला. पुस्तकाबरोबर आता देणाऱ्यानेही चार रविवार जायचं आणि नव्याला शिकवायचं. या रिवाजातून आमच्या आजूबाजूला किती फार्मासिस्ट, किती इंजिनीअर उभे राहिले, आणि एकाच्याही घरी पुस्तकाचं बिल आलं नाही. मला तिचा एवढा अभिमान आहे की कुणी विषय काढला नाही तरी मी काढते.

यंदा माझं तेच पुस्तक न्यायला एक मुलगी आली. काकूला आता फारसं दिसत नाही, म्हणून तिने मुलीचे हात हातात घेऊन चाचपले. मुलीने विचारलं, "काकू, तुम्ही काय शिकलात?" काकू म्हणाली, "कव्हर घालूक." मला हसू आलं. मुलगी निघाली तशी काकू गॅलरीत येऊन उभी राहिली, आणि मी तिला सांगत राहिले: जिना उतरली, गेटच्या बाहेर पडली, वळली.

"पुस्तक छातीशी धरलंय ना?"

मुलीने ते गेटपाशीच बॅगेत टाकलं होतं.

"धरलंय," मी म्हटलं.