चुकलेली संकष्टी

ये गं, अशी पुढं सरक. कागदावर का होईना, पण जवळ बस. आणि आधी थोडं बोलून घेते तुला. गेल्या खेपेला आलीस तेव्हा स्वयंपाकघरात काय म्हणत होतीस? “आजीच्या काळी असले आजार नव्हते. खाणं चोख, हवा चोख, माणसं कशी ठणठणीत!” कान गेलेत माझे असं वाटलं का तुला? अगं, ठणठणीत कसली! आजारी माणूस दिसायचं नाही, कारण त्याला माजघराच्या बाहेर येऊ देत नव्हते. त्या माजघरात मी स्वतः बसलेली आहे, म्हणून सांगते.

माझं माहेर चाकणच्या बाजूला, कांद्याच्या गावात. दिलं चिंचवडला, गावठाणाबाहेर मळ्यात. तेव्हा इकडं सगळी रानं होती, ज्वारीची नाहीतर बाजरीची. पिंपरीकडं कारखान्याच्या भिंती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि आमचे हे तिथं कामाला लागले होते. घरात सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे थोरले मामंजी, आमच्यातच राहायचे आणि घरात त्यांचाच शब्द चालायचा.

आता एक गंमत ऐक. थोरल्या दिराशी बाईनं समोरासमोर बोलायचं नाही, अशी तेव्हाची रीत. मग आत्याबाई मध्ये कुणाला तरी घालायच्या. माणूस नसलं तर म्हैस. गोठ्यापाशी पदर ओढून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “म्हशे, दादास्नी सांग, च्या निवतोय.” मामंजीही म्हशीकडंच बघून म्हणायचे, “म्हशे, म्हणावं कालच्यागत गोडमिट्ट करू नगंस.” माझी मुलगी झाली तेव्हा म्हशीची सुटका झाली. निरोपाचं काम मुलीकडं आलं. तिला तर अजून बोलताही येत नव्हतं.

ती रांगायला लागली त्या सुमाराला मला पहिला झटका आला. गोठ्यात शेण भरत होते एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते नाकाशी ठेचलेला कांदा, तोंडात रक्ताची चव आणि भोवती बायांचे पाय. जीभ चावली गेली होती, लुगडं भिजलं होतं. मला काय झालं हे विचारायच्या आधी मी लुगडं सावरत होते बघ. एक म्हणाली फेपरं आहे, दुसरी म्हणाली बाहेरचं आहे. तिसरीनं चप्पल हुंगवली.

ह्यांनी कुणाचं ऐकलं नाही. सुट्टीच्या दिवशी मला गाडीनं पुण्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. एक सकाळी, एक संध्याकाळी, उपाशीपोटी घ्यायची नाही, असं बजावलं. आत्याबाई घरी होत्या, त्यांनी त्यांच्या परीनं इलाज केला. गणपतीला बोलल्या, “सुनंला बरं वाटू दे, ती तुझी संकष्टी धरील. कडक. चंद्र दिसंस्तवर पाण्याचा थेंब न्हाई.”

मी दोन्ही पाळलं. रोज गोळी घ्यायची आणि संकष्टीला उपास धरायचा. उपासाच्या दिवशी गोळी नाही. गोळी म्हणजे पोटात काहीतरी घालून, वर पाणी पिऊन गिळायची. दोन्हीला बंदी. आणि औषध हेही खाणंच की! त्यात कुणालाच वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. बाकीच्या दिवशी गोळी सांभाळील, देवाच्या दिवशी देव सांभाळील, असा आमचा सरळ हिशोब.

आणि झालं काय, बाकीचे दिवस बरे जायला लागले, झटका यायचा तो नेमका संकष्टीला. दिवेलागणीला मोदकांची उकड काढायला चुलीपुढं बसायची आणि तिथंच कोसळायची. एकदा हात चुलीच्या निखाऱ्यावर पडला. मनगटावरचा हा डाग तू लहानपणी बोटानं चोळून पुसायला बघायचीस, तो त्याचाच.

मग काय, बोलायला लोकांना विषयच मिळाला. चतुर्थीलाच बरं येतं? देवाचं काहीतरी चुकलं असणार. मग उपास आणखी कडक केला. आदल्या संध्याकाळपासूनच तोंड बंद. त्यानं झटका आणखी जोरात आला. मुलगी माझ्याकडं द्यायची ती मी भिंतीला टेकून बसले असले तरच, आणि शेजारी कुणीतरी हवं. उभ्यानं तिला घ्यायची मला बंदी होती. ती हात वर करायची आणि मी दुसरीकडं बघायची.

पण झटक्यापेक्षा वाईट काय असेल तर ती वाट बघणं. झटका येतो नि जातो, आपल्याला कळतही नाही. पुनव झाली की मी दिवस मोजायला लागायची. केस विंचरावेसे वाटायचे नाहीत, अंघोळीला उठावंसं वाटायचं नाही. कोपऱ्यात बसून कौलांच्या फटीतून आभाळ बघत राहायची. तुम्ही आता याला काहीतरी नाव देता. आम्ही म्हणायचो, हिचं मन लागत नाही.

एके दिवशी मामंजी पडवीत बसले, माझ्या मुलीला पुढ्यात घेतलं आणि मोठ्यानं बोलले. दाराआड मी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“पोरी, सांग तुझ्या आजीला. येत्या संकष्टीला पुन्यांदा झालं, तर हिला माहेरी पोचवायची. पोरगी हितंच राहील. पोराचं दुसरं बघू.”

मुलगी म्हणाली, “बा.” तिला तेवढंच यायचं.

आत्याबाईंनी काही उलट निरोप पाठवला नाही. हे शिफ्ट करून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. “मी न्हाई पाठवायचो,” म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं, पण आवाजात बळ नव्हतं. मामंजींपुढं त्यांनी जन्मात मान वर केली नव्हती. तेव्हा ठरलं म्हणजे ठरलंच. माझी मुलगी माझ्याजवळ राहायची की नाही, ते एका संध्याकाळवर येऊन थांबलं होतं.

ज्वारीची मळणी निघाली होती. सगळं घर खळ्यावर. बैल फिरतायत, धुळीनं डोळे लाल, पाठ वर करायला उसंत नाही. आत्याबाई संकष्टी कशी धरायच्या, तर पुनवेपासून बोटं मोजून. पंचांग आमच्या घरात नव्हतं, आणि गावठाणात जाऊन कुणाला विचारायला त्या दिवसांत वेळ नव्हता. त्यांच्या बोटांप्रमाणं संकष्टी उद्या. म्हणून मी सकाळी दूधभाकरी खाऊन गोळी घेतली. दुपारी खळ्यावरच भाकरी, पिठलं नि बुक्कीनं फोडलेला कांदा. कामानं भूक लागली होती. उद्याच्या भीतीनं आणखी एक भाकरी जास्तच खाल्ली, आदल्या संध्याकाळचं तोंड बंद व्हायच्या आत.

ऊन उतरलं तशा वाटेनं दोघीतिघी बाया देवळाकडं निघालेल्या. हातात दुर्वांच्या जुड्या. त्यातली एक थांबली.

“काय मावशे, संकष्टीचं खळं? देवाला न्हाई यायचं व्हय?”

“संकष्टी उद्या हाय,” आत्याबाई सूप हलवत म्हणाल्या.

“उद्या कशाची? ह्या खेपंला तीज क्षयाची, गळालीया. आजच चतुर्थी.”

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. सगळी ज्वारी सांडली. “आगं बया!” त्या म्हणाल्या, “आपुन कांदा खाल्ला गं!”

मी तिथंच भुसात बसले. धड उपास करून जिथं धडगत नव्हती, तिथं आता कांदा खाऊन काय होणार? मुलगी खळ्याच्या कडेला दाणे वेचून तोंडात घालत होती. तिला बघून घेतलं डोळे भरून. दुसरं काय करणार?

तेवढ्यात हे कामावरून आले. सगळं ऐकलं, सायकल झाडाला टेकवली आणि म्हणाले, “मोडलाच हाय उपास, तर संध्याकाळचीबी गोळी घेऊ द्या की.” कुणी नको म्हणालं नाही. कोण म्हणणार? सगळेच घाबरलेले. मी भाकरीचा तुकडा खाल्ला, गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्याले.

मग आम्ही खळ्यावरच चंद्राची वाट बघत बसलो. मी गोणपाटावर. आत्याबाई माझ्यासमोर, मांडीवर झोपलेली मुलगी आणि हातात ठेचलेला कांदा, तयारीत. मामंजी बाजेवर पाठ करून बसलेले, पण दर थोड्या वेळानं मान वळायची.

“येतंय का गं?”

“न्हाई आत्याबाई.”

“डोळ्यांम्होरं अंधारी?”

“न्हाई.”

“मग रडतीस का?”

“तो कांदा जरा लांब धरा.”

बघते तर त्यांच्याही डोळ्यांतून धारा. त्या कांद्याच्या की कसल्या, मी विचारलं नाही. समोर शेताच्या कडेनं चंद्र वर आला, तांबडा, एका बाजूनं झिजलेला. मी दोन्ही हात जमिनीला दाबून धरले. तो पिवळा झाला, मग पांढरा झाला, झाडाच्या शेंड्यावर गेला. मला काही झालं नाही. ह्यांनी आधी हसायला सुरुवात केली, मग मी. आत्याबाईंनी कांदा लांब फेकून दिला.

मामंजी बाजेवरून उठले आणि झोपलेल्या मुलीकडं बघून म्हणाले, “पोरी, म्हणावं च्या टाका.”

दुसऱ्या दिवशी पाखडताना आत्याबाईंनी एकदम विचारलं, “काल तू येगळं काय केलंस गं?”

“काय न्हाई. जेवले. गोळी घेतली.”

“आन् येरवी संकष्टीला?”

“येरवी उपास. गोळी न्हाई.”

सूप थांबलं. मग त्या म्हणाल्या, “मला घेऊन चल त्या डाक्टरकडं.”

घरातली कामं टाकून पुण्याला गेल्या, नवं लुगडं नेसून. डॉक्टरांपुढं खुर्चीवर बसायला तयार होईनात, उभ्यानंच विचारलं, “डाक्टर, ही गोळी उपासाला चालती का?”

डॉक्टर आधी गोंधळले. मग सगळं ऐकून म्हणाले, “आजी, गोळीला चतुर्थी कळत नाही. रोज म्हणजे रोज. एक दिवस चुकली तरी झटका येऊ शकतो. आणि हिला उपाशी ठेवू नका. आधी का नाही सांगितलंत हे?”

“तुमी विचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “उपास काय सांगायची गोष्ट हाय व्हय?”

परत येताना त्या घरी आल्याच नाहीत. स्टेशनावरून तशाच देवळात. मी बाहेर थांबले. आत काय बोलल्या ते त्यांनी मला नंतर सांगितलं. “म्हनलं, बोलले मी, आन् निभवायला लावलं सुनंला. आजपासून तिचा उपास माझ्याकडं.” त्यांची स्वतःची संकष्टी होतीच, पण ती साबुदाण्याची. माझी बिनपाण्याची त्यांनी अंगावर घेतली.

मामंजींना हे पटलं नाही. मुलीला पुढ्यात घेऊन म्हणाले, “पोरी, म्हणावं देवाशी सौदा करायचा नसतो.”

आत्याबाईंनी पदर ओढला, पण आवाज मोठा होता. “पोरी, सांग तुझ्या आजोबास्नी. माझी सून हितंच ऱ्हाणार. उपास मी करनार. ज्यास्नी देवाचं लई वाटतं त्यांनी माझ्यासंगं धरावा. च्याशिवाय.”

मामंजी चहावाचून दुपारसुद्धा काढू शकत नव्हते. पुन्हा तो विषय निघाला नाही.

पुढच्या संकष्टीला आत्याबाईंनी भरल्या दुपारी माझं ताट मांडलं. सगळं घर उपाशी आणि मी एकटी जेवतेय. मी भाकरी नुसती मोडत राहिले. त्या समोर बसून राहिल्या, ओठ सुकलेले. “खा मुकाट. अजून एक घे. आन् गोळी कुठंय?” जेवून उठले तेव्हा मुलगी रांगत आली, माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली आणि हात वर केले. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या उठून ताट घेऊन गेल्या. मी तिला उचलून कडेवर घेतलं, उभ्यानं.

झटके कायमचे गेले असं नाही हं, खोटं कशाला सांगू? तापात एखादा यायचा. चंद्राची भीती तर गोळीनं गेलीच नाही. पुनव झाली की कितीतरी वर्षं छातीत धडधडायचं. ती आपली हळूहळू झिजत गेली, दर संकष्टीला दुपारी जेवता जेवता. अजूनही आमच्याकडं त्या दिवशी माझ्यापुरती भाकरी होते. एकटीनं खायला अजून थोडं ओशाळं वाटतं बघ. तेव्हा तूच ये. ह्याच संकष्टीला ये, सकाळच्या गाडीनं निघ म्हणजे जेवायच्या वेळेला पोचशील. पिठलं टाकते, कांदा फोडते. लवकर ये गं.