घर दाखवायच्या ऐवजी

त्या हॉटेलात जायची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात ते सगळ्यांना पाठ आहे. पण लिहिता लिहिता मी ते हळूच भावाच्या नावावर ढकलीन, अशी मलाच माझी शंका येते.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. मोठ्या भावाचा मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. औषधाच्या दुकानात कामाला, उंच, सरळ, जरा अबोल. तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनीही घर बघितलं, चहा घेतला आणि उठता उठता एकच गोष्ट विचारली, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? आम्ही खरं ते सांगितलं. महिन्यातून एकदा, तेही आलं तर. तिघंही 'कळवतो' म्हणून गेले आणि कुणीच कळवलं नाही.

चौथं स्थळ नांदेड जिल्ह्यातलं, हिमायतनगरकडचं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स, वडील प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. नांदेडला एका नातेवाइकाकडं मुलामुलीची भेट झाली होती आणि दोघं फोनवर बोलायला लागली होती. आमचं अबोल पोरगं तासतासभर गच्चीवर उभं राहायचं. वहिनी म्हणायची, "टाकी बघून ये म्हनलं तर जात नव्हतं, आता खाली यायचं नाव न्हाई." लग्न विहारात साधेपणानं करायचं, इथवर बोलणं झालं होतं. राहिलं होतं ते मुलीच्या आईवडिलांनी येऊन घर बघणं. आमच्याकडं ही रीतच आहे. मुलगी द्यायच्या आधी ते एकदा मुलाच्या घरी येतात, बसतात, पाणी पितात, मुलीची आई स्वयंपाकघरात डोकावते आणि मग तारीख धरतात.

ते येणार म्हटल्यावर मी आमच्या घराकडं पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहिलं. बैठकीतला सोफा गच्चीवर गेला होता आणि त्याच्या जागी तीन ड्रम उभे होते, वर जुन्या चादरी टाकलेले. आंघोळ टबात बसून करायची, म्हणजे तेच पाणी पुन्हा संडासाला. मी अंगानं रुंद आहे. टबात बसलो की मी आत आणि पाणी बाहेर. म्हणून वहिनीनं माझी पाळी तीन दिवसांनी ठेवली होती आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नव्हती.

"दादा," मी भावाला म्हणालो, "यांना घरी आणायचं न्हाई. त्या नव्या हॉटेलात नेऊ. जेवण तिथं, बोलणं तिथं, अन् तिथूनच वाटंला लावू."

"घर बघायला येऊलालेत ते. हाटेल न्हाई."

"घर दाखवून तीन गेले, दादा."

भाऊ ड्रमावरची चादर सारखी करायला वळला. पुतण्या दारात उभा होता. त्यालाही मी विचारलं नाही. घरातला शिकलेला माणूस म्हणून माझं चालतं, आणि चालतं म्हणून मी चालवतो.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. जिल्हा झाला की सगळं येतं, असं आमचे मास्तर सांगायचे. कचेऱ्या आल्या, शिकवण्या आल्या, मोठमोठे दवाखाने आले आणि शेवटी हे काचेचं हॉटेलही आलं. मोठ्या शहरांत ज्याच्या जागोजाग शाखा असतात, तसलं. दारात सलाम करणारा माणूस, आत गारवा, भिंतीवर इंग्रजीत काहीबाही आणि पाटासारखं मेन्यूकार्ड. सगळं यायचं होतं ते आलं, फक्त पाणी आलं नव्हतं.

पाहुणे पाच घंटे जीपमध्ये बसून आले. गुरुजी, त्यांची बायको आणि मुलगी. मी त्यांना घराचा पत्ता दिलाच नव्हता. हॉटेलच्या पायऱ्यांवरच जयभीम झाला.

"घर लांब हाय का इथून?" गुरुजींनी विचारलं.

"जवळच आहे. पण उन्हाचं आलात, आधी जेवून घेऊ," मी म्हणालो.

मुलीच्या आईनं विचारलं, "तोंड कुठं धुवावं, भाऊ?"

मी ऐटीत त्यांना बेसिनपर्यंत घेऊन गेलो. नळाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि शेजारी हाताला चोळायच्या औषधाची बाटली. वर पाटी, 'पाणी वाचवा, सहकार्य करा.' त्या माउलीनं पदरानंच तोंड पुसलं आणि येऊन बसली.

टायवाला वेटर आला. मी आठवडाभर मनात घोळवून ठेवलेली ऑर्डर सांगायला लागलो.

"सूप आणा आधी."

"सूप बंद आहे, सर."

"मग ते रंगीत सरबत, काय म्हणतात ते."

"बर्फ नाही, सर. आणि सरबतंही बंद आहेत."

"ताक?"

वेटरनं माझ्याकडं जरा दयेनं पाहिलं. "सर, कोरडं जे आहे ते सगळं मिळेल."

कोरडं मागवलं. ताटल्या पुठ्ठ्याच्या आल्या, कारण भांडी धुणं बंद होतं. त्या आमच्या गावाकडच्या पंगतीतल्या पत्रावळीइतक्याही दमदार नव्हत्या. डाळ वाढली की मधोमध मऊ पडायच्या. अर्थात डाळ वाहून जाण्यातली नव्हतीच. काळी, गोडसर, चमचा रोवला तर उभा राहील अशी. नान गार होऊन वातड झालेले. पनीरचे तुकडे एका बाजूनं करपलेले, दुसऱ्या बाजूनं फ्रीजमधले. बिर्याणीचा एकेक दाणा घशात अडकत होता. गुरुजी न बोलता जेवत होते. शिक्षक माणूस, ताटात टाकायचं नाही हा नियम त्यांनी त्या अन्नालाही पाळला. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "यापरीस मी पिठलं-भाकर घातली असती की वो." मी तिला डोळ्यांनीच दाबलं.

मुलगा आणि मुलगी समोरासमोर बसली होती. ती मधूनमधून हसत होती. त्यानं एकदा आपल्या वाटचा बरा भाजलेला पनीरचा तुकडा तिच्या पुठ्ठ्यावर सरकवला. तो ते कधी करील असं मला वाटलं नव्हतं. मी मनात म्हटलं, जमलं.

मग मुलीच्या आईनं विचारलं. सहजच, जेवता जेवता. "पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं?"

भाऊ तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोललो. "आमच्या भागात बरं आहे. आठ दिवसाला येतं. शिवाय बोअर आहे."

बोअर होता. त्यातून दोन वर्षं नुसती हवा येत होती. भावानं नानचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसला. पुतण्या ताटलीकडं बघत होता. मला तेव्हा हायसं वाटलं, की कुणी मधे तोंड घातलं नाही.

जेवण आटोपलं. मी बिल द्यायला उठलो, परत आलो, गुरुजींशी पावसाच्या अंदाजावर दोन शब्द बोललो. टेबलावर सात बाटल्या होत्या, विकतच्या, कुणाची अर्धी, कुणाची पाव उरलेली. आणि बोलता बोलता माझ्या हातांनी त्या सातही बाटल्यांतलं पाणी एकेक करून दोन बाटल्यांत ओतलं. थेंब न सांडता. झाकणं घट्ट लावली आणि दोन्ही बाटल्या वहिनीच्या पिशवीत घातल्या. माझ्या उष्ट्यासकट सगळ्यांचं. चार महिने घरात आम्ही सगळे हेच करत होतो, पाहुण्याच्या पेल्यातलं उरलेलं पाणीसुद्धा ड्रमात. हाताला सांगावं लागत नव्हतं.

मान वर केली. गुरुजी माझ्या हातांकडं बघत होते. आठ दिवसाला पाणी येणाऱ्या माणसाच्या हातांकडं.

आम्ही खाली आलो. गुरुजींनी जीपचं मागचं दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या मदतीनं पाण्याचे दोन मोठे कॅन बाहेर काढले. वीस-वीस लिटरचे, तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेले.

"हे तुमच्यासाठी," ते भावाला म्हणाले. "आमच्या विहिरीचं हाय. आमच्याकडंबी टँकरच चालू हाय, पर या विहिरीला वाईच तग हाय अजून. म्हनलं, लातूरला चाललोय, सोयऱ्यावर पाण्याचा बोजा कामून टाकायचा. आपलं पाणी आपुन न्यावं. घरी बसून पिऊ म्हनलं सगळे."

मी म्हणालो, "चला ना मग, घरी चला. दहा मिनिटांचं अंतर आहे." आवाज माझा मलाच भाजीवाल्याचा वाटला.

"न्हाई आता," गुरुजी म्हणाले. "उशीर व्हईल."

दुपारचे दोन वाजले होते.

मुलगी जीपमध्ये बसली. पुतण्या खिडकीपाशी गेला, पण मुलीची आई आधीच काच वर करत होती.

कॅन आम्ही रिक्षातून घरी आणले. ते पाणी गोड होतं. तीन दिवस आम्ही ते पीत होतो आणि एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. चौथ्या दिवशी फोन आला. भावानं आवाज मोठा करून फोन जमिनीवर ठेवला आणि आम्ही भोवती बसलो.

"मुलगा चांगला हाय," गुरुजी म्हणाले. "पोरीला पसंत व्हता. आमालाबी. पाणी न्हाई म्हनून आमी न्हाई म्हनलं नसतं, दादा. पाणी न मिळणं काय असतं, ते आपल्या लोकांना कोनी शिकवावं का? आपले आजेपंजे विहिरीच्या खाली उभे ऱ्हायचे, वरून कोनी वतलं तर प्यायचे. पर तुमी आमाला घरच्या पाण्याला शिवू दिलं न्हाई. दारातनं वळवलं. आज पाणी लपवलं, उद्या माझ्या पोरीनं तुमच्या घरात काय काय हुडकत बसायचं?"

"चूक झाली, गुरुजी," भाऊ म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नाही. "एकदा या. घर बघा."

"बघितल्यावानीच हाय आता," गुरुजी म्हणाले. रागानं नाही, वर्गात नापास झालेल्या पोराला सांगावं तसं. मग तब्येत सांभाळा म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पुतण्या दुकानातून आला. वहिनीनं त्याला सगळं सांगितलं. तो हातपाय न धुता माझ्याजवळ येऊन बसला. मी म्हणालो, "मी जातो हिमायतनगरला. पाया पडतो त्यांच्या. सांगतो, खोटं बोललो तो मी, पोरगं न्हाई."

"जाऊ नका, काका."

"का?"

"मी तिच्याशी बोललो आज. पाण्याचं मी तिला फोनवर आधीच सगळं सांगितलेलं होतं. ड्रम, टब, महिन्याचा नळ, सगळं. तिला माहीतच होतं. तुमी आठ दिवस म्हनलाव तवा ती माझ्याकडं बघून राहिली होती. मी काय बोलतो म्हनून, असं म्हनली ती."

"मग बोलला का न्हाईस रे?"

"तुमी बोलत होताव ना," तो म्हणाला.

तो मला बोल लावत नव्हता. मोठं माणूस बोलत असताना मधे बोलायचं नाही, हे त्याला लहानपणी मांडीवर बसवून मीच शिकवलं होतं, आणि तो ते तेवढ्याच साधेपणानं सांगत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो थांबला, मी काय म्हणतो ते ऐकायला. मला सुचलं नाही, तरी तो बराच वेळ तसाच बसून होता.