बनाबाईचा पाला आणि बापूसाहेबांचा अंगठा

आमच्या सणसर गावात कुणाला खरूज उठली, कुणाला नायटा झाला, ही बातमी डॉक्टरच्या आधी मला कळते. त्यात माझी काही विद्या नाही. माझ्या ओट्यावरून बनाबाईचं दार दिसतं, एवढंच. लोक टॉवेल तोंडावर ओढून, इकडंतिकडं बघत तिच्या उंबऱ्याशी येतात आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत बनाबाई अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "कुठं उठलंय? कमरंच्या वर का खाली?" खालचं असलं की माणूस उत्तर देत नाही. मग मला कळतं.

बनाबाईचा स्वभाव गोड आहे असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. सत्तरी उलटली, दात निम्मे गेले, पण जिभेचं एक टोकही झिजलं नाही. तिचा नवरा सावळाराम गेला तेव्हा मयतीला आलेली माणसं वरवर हळहळली आणि वाटेत एकमेकांना म्हणाली, "सुटला." पण हाताला गुण. टाकळ्याचं बी लिंबात वाटून नायट्याला, करंजाचं तेल खरजेला आणि ऊसतोडीत कोयता लागला तर दगडी पाला. हा पाला म्हणजे बांधावर आपसूक माजणारं तण. उंच एका दांडीवर बारकं पिवळं फूल येतं, पोरं त्याला एकदांडी म्हणतात. तिचा पाला हातावर चोळून रस पिळला की वाहतं रक्त थांबतं. मी स्वतः दाढी करताना कापून घेतल्यावर गेलो होतो. औषध मिळालं, आणि "म्हातारपणी कुणाला दावायला गाल गुळगुळीत करतोस?" हेही मिळालं.

हे औषध तिला सासूकडून आलेलं. सासूनं देताना नेम घातला होता. पैसा घ्यायचा नाही. दारात येऊन मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, वैरी असला तरी. आणि ज्याचं दुखणं त्यानंच, स्वतःच्या तोंडानं मागायचं. तान्ह्या लेकराचं तेवढं आईनं मागितलेलं चालतं. न मागता दिलं तर हाताचा गुण जातो. बनाबाई देवाला शिव्या घालेल, पण हा नेम मोडणार नाही.

आता बापूसाहेब. सावळारामाचा धाकटा भाऊ, म्हणजे बनाबाईचा दीर. सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलेला, तरी गाडीच्या काचेवर 'भावी संचालक' लिहून हिंडणारा. दोघा भावांच्या रानात एक बांध. बापूसाहेब दर नांगरटीला ट्रॅक्टर असा फिरवायचा की बांध दोन बोटं भावाच्या रानात सरकायचा. सावळाराम मुखदुर्बळ माणूस, तो बघत राहिला. तो गेल्यावर मात्र एका नांगरटीला बनाबाई बांधावर, ट्रॅक्टरच्या पुढ्यात, मांडी घालून बसली आणि मिश्री लावू लागली. "घाल अंगावर," म्हणाली, "मग माजी मूठमाती पण तुज्याच वाटणीला येईल." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. ती त्याला बांधखाऊ म्हणते. तो तिला पाल्यावाली म्हणतो.

आणि बापूसाहेबाची खरी पोटदुखी बांधाची नव्हतीच. "आईचं औषध थोरल्या सुनेला एकटीला कसं?" हे तो दूध डेअरीवर भर गर्दीत बोलायचा. "जमिनीची वाटणी झाली, भांड्यांची झाली, मग औषधाची का न्हाय? त्यात माजा निम्मा हिस्सा हाय." कुणीतरी म्हणालं, "मग नायटा झाल्यावर निम्माच बरा करून घ्या की." त्यावर तो आठवडाभर डेअरीवर आला नाही.

बापूसाहेबाला साखर. डॉक्टरनं गोड बंद केलेलं, म्हणून तो जिलबी घरी खायचा नाही, लोकांच्या लग्नात खायचा. अशाच एका लग्नाला बारामतीच्या कार्यालयात गेला. पायात नवं करकरीत पायताण. ते अंगठ्याला चावलं, पण साखरेच्या माणसाच्या पायाला कळ कुठली? घरी येऊन पायताण काढलं तेव्हा बायकोला, ताईबाईला, रक्त दिसलं. बारामतीच्या डॉक्टरनं मलमपट्टी केली, इंजेक्शन दिलं आणि बजावलं की एक दिवसाआड येऊन पट्टी बदलायची, नाहीतर हा पाय हातचा जाईल. बापूसाहेब दोनदा गेला. तिसऱ्यांदा नर्सनं सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, जिलबी किती खाल्ली?" तेव्हापासून जाणं बंद.

जखम काही बंद झाली नाही. कडा काळपट पडल्या, वास येऊ लागला. बापूसाहेबाला आईचं औषध आठवत होतं, पण त्या उंबऱ्यावर उभं राहून मागायचं म्हणजे नाक कापून हातात देणं. म्हणून त्यानं ताईबाईला पाठवलं.

ताईबाई स्वभावानं गरीब. पदर सावरत दारात उभी राहिली. "अक्का, ह्यांच्या पायाला..."

"पाय कुणाचा?"

"ह्यांचा."

"मग तोंड कुठं ऱ्हायलं त्येचं? ट्रॅक्टरवर?"

"अक्का, तुमाला म्हाईत हाय ना सबाव..."

"म्हाईत हाय म्हणूनच सांगते. हे त्येच्याच आईचं सांगणं हाय, माजं न्हाय. म्हणावं, ये, उंबऱ्यावर हुबा ऱ्हा, 'वहिनी, औषध दे' म्हण. म्या न्हाय म्हणले तर माज्या तोंडात माती घाल."

ताईबाई दोनदा आली, दोनदा तशीच गेली. दुसऱ्या खेपेला ती रडत होती. खरं सांगायचं तर बनाबाईला मजा येत होती. रोज सकाळी दारात पाट टाकून, रस्त्याकडं तोंड करून बसायची. मी विचारलं, "कुणाची वाट बघती गं?" म्हणाली, "पायाची."

घरात तिची नात श्रेया शनिवार-रविवार यायची. ती बारामतीला फार्मसी कॉलेजात शिकते आणि तिनं प्रोजेक्टला आजीचाच पाला घेतलेला. सावलीत वाळवायचा, भुकटी करायची, स्पिरिटात भिजवून अर्क काढायचा. परातभर पाल्याचा बाटलीच्या बुडाशी काळा डिंकासारखा थेंब उरायचा. तो साखर झालेल्या उंदरांच्या जखमेला लावून बघणार होते.

"उंदराला साखर कशी हुती गं?" बनाबाईनं विचारलं.

"आम्हीच करतो, आजी. इंजेक्शन देऊन."

"अगं बया! आन मग बरं करता? आन त्यो उंदीर मागाया येतो का तुमच्या दारात?"

"आजी, साखरेची जखम साधी नसते. रक्त पोचत नाही तिथं. माणसाला असा कच्चा पाला बांधायचा नाही, आधी डॉक्टर. बापूआबा आले तर तू सांगशील ना?"

"आधी येऊ तर दे," बनाबाई म्हणाली, आणि डोळ्यांत असा काही आनंद होता की श्रेयानं विषय सोडला.

इकडं बापूसाहेबाचं डोकं फिरलेलं. ताईबाई काटेवाडीला बहिणीकडं गेली त्या दिवशी त्याच्या उसात तणनाशक मारायला गडी आला. बापूसाहेब पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून रानात गेला आणि म्हणाला, "जाता जाता बांधावर बी मार. सगळ्या बांधावर. हिरवं ठिवू नगंस." मला न्हाय तर कुणालाच न्हाय, असा त्याचा हिशोब. घरी कुणाला काही बोलला नाही.

ताईबाई त्याच संध्याकाळी परतली. तिनं बहिणीशी बोलून दुसराच बेत केला होता. अक्का देत नाही आणि हे मागत नाहीत, तर आपणच पाला आणावा. तणनाशक मारल्यावर पाला लगेच वाळत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो हिरवागार दिसत होता. ताईबाईनं ओटीभर ओरबाडला, मिक्सरला फिरवला, डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला आणि नवऱ्याला सांगितलं, "वालचंदनगरच्या क्वार्टरमधल्या वैद्याचं मलम हाय." बायकोनं आणलेलं मलम नवऱ्यानं विचारपूस न करता लावून घेतलं. मलम रोज जाड थापून वर फडकं आवळून बांधायचं. नवऱ्यानं बायकोपासून लपवलं, बायकोनं नवऱ्यापासून, आणि दोघांची लपवाछपवी त्या एका अंगठ्यावर येऊन बसली.

शनिवारी श्रेया पाला न्यायला आजीबरोबर बांधावर गेली. दगडी पाल्याचे देठ पिळवटून दोरीसारखे झालेले, पानं वळलेली. श्रेयानं हात मागं घेतला. "आजी, तोडू नकोस. तणनाशक मारलंय."

बनाबाईनं आधी पोटभर शिव्या घातल्या. मग खाली वाकून बघू लागली. मधला एक पट्टा ओरबाडलेला होता, शेळीनं खाल्ल्यासारखा. बनाबाई कधी असं तोडत नाही, नखानं एकेक पान खुडते. आळीत तिच्या बांधाला हात लावायची कुणाची छाती नाही. फक्त एका बाईला गरज होती.

"मारलं त्येनं," बनाबाई हळू म्हणाली, "आन न्हेलं तिनं."

"म्हणजे हे विषारी पान त्या जखमेवर?" श्रेयाचा आवाज चढला. "आजी, चल! पाय जाईल त्यांचा."

बनाबाई तिथंच बांधावर टेकली. मिश्रीची डबी काढली. श्रेया सांगते, आजी बराच वेळ दात घासत राहिली आणि एकटीशीच हसली. त्या पायानं बांध खाल्ला होता. त्या पायावर त्याच बांधाचं विष होतं, त्यानं स्वतःच्या पैशानं मारलेलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. आणि नेमही तिच्याच बाजूचा. न मागता औषध द्यायचं नाही!

मग ती थुंकली आणि उठली. "औषध द्यायचं न्हाय," म्हणाली, "काडायला कुणी मनाई केलीया?"

एवढ्या वर्षांनी बनाबाई दिराच्या अंगणात शिरली ती आरडतच. मी ओट्यावरून उतरून मागं गेलोच, असला तमाशा कोण सोडतो. "ताईबाई! सोड ते फडकं! बांधावरचा पाला बांधलास ना? इख बांधलंस नवऱ्याला!"

बापूसाहेब पलंगावर पाय वर करून बसलेला. "हिला भाईर काडा! कुणी बोलिवलं हिला?"

"तू बोलिवलं असतंस तर ह्यो दिस आला नसता, बांधखाऊ! बांधावर काय मारलंस ते सांग बायकूला!"

ताईबाई मटकन खाली बसली. "वैद्य न्हाय ओ," ती नवऱ्याला म्हणाली, "म्या बांधावरनंच आणला."

बापूसाहेबाचं तोंड मी तेव्हा पाहिलं. निवडणुकीचा निकाल लागल्यावरही ते इतकं पडलं नव्हतं.

श्रेयानं फडकं सोडलं. वास सगळ्या घरात पसरला. अंगठा काळा पडलेला, पाऊल घोट्यापर्यंत लाल, आणि पठ्ठ्याला कळ नाही म्हणून तो अजून भांडतच होता. श्रेया स्वच्छ पाण्याची धार सोडत जखम धुवत होती. "वहिनी" शब्द त्याच्या ओठांवर आला असावा, असं मला वाटलं. पण तो नुसता बनाबाईकडं बघत राहिला.

"माज्याकडं बघू नगंस," बनाबाई म्हणाली. "ह्याला माजा पाला चालत न्हाय. बारामतीला न्या. आत्ताच्या आत्ता."

'भावी संचालक' त्याच्याच गाडीत घालून नेला; बनाबाई, श्रेया आणि मीही बरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, पाऊल वाचेल, अंगठा जाणार. अंगठा विषानंच गेला का, असं श्रेयानं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, विषानं घाई केली, पण पट्टीला न येणं हे मूळ. मग बनाबाईकडं वळले, "मावशी, साखरेच्या पायाला पाला सांगत जाऊ नका."

"म्या कुठं सांगितला? म्या तर दीड महिना दिलाच न्हाय!"

"दीड महिना ह्या पायाचं ठाऊक होतं ना तुम्हाला? तेव्हाच इकडं का नाही पाठवलंत?"

 परतीच्या एसटीत बनाबाई खिडकीकडं तोंड करून बसली आणि कुणालाही शिवी दिली नाही. मला काळजीच वाटली. त्यानंतर उंबऱ्यावर साखरेचा माणूस आला की ती पहिल्यांदा "पाय दाव" म्हणते आणि जखम दिसली की शिव्या घालत बारामतीच्या गाडीत बसवते, मागण्याची वाट न बघता. औषध नाहीच दिलं, मग नेम कुठं मोडला, असं तिचं म्हणणं.

दोघांचं जुळलं असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्हाला भाऊकी माहीत नाही. बापूसाहेब काठी टेकत डेअरीवर येऊन सांगू लागला की पाल्यावालीनं नजर लावून अंगठा खाल्ला. बनाबाई म्हणायची, "बाकीचा पाय ऱ्हाऊ दिला, हितवर चालत यायला."

आणि तो आला! यंदाच्या पावसाळ्यात, भर दुपारी, टॉवेल तोंडावर ओढून. काठीवरून मी ओळखला. उंबऱ्याशी बराच वेळ उभा राहिला. मग पडक्या आवाजात म्हणाला, "वहिनी... औषध दे."

बनाबाईनं पाटावरून मान वर केली. हा शब्द ऐकायला ती किती वर्षं थांबली होती. मग तिनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं विचारलं, "कुठं उठलंय? कमरंच्या वर का खाली?"

बापूसाहेब काही बोलला नाही.

"पाय दाव आधी." पाय बघितला. जुनी जागा कोरडी होती. "टाकळा बांधावर हुता. कुणीतरी जाळला," असं म्हणत ती आत गेली, ठेवणीतलं बी काढलं, लिंबू चिरलं. नेमाप्रमाणं औषध दिलं, एक पैसाही घेतला नाही. फक्त लिंबू जरा जास्तच पिळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अर्ध्या तासानं बापूसाहेबाच्या न्हाणीघरातून जी आरोळी उठली, ती ऐकून आळीतली कुत्री भुंकायला लागली.

नायटा गेला. दिवाळीनंतरच्या नांगरटीला त्यानं बांध पुन्हा दोन बोटं खाल्ला. बनाबाईनं लिंबाचं एक रोप आणून दारात लावलंय.