दारावरचा लाल रंग

फिर्यादीचा जबाब नोंदवण्याआधी मी तिच्याबरोबर व्हिडिओत उभा राहिलो. नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण सिंगापूरच्या सेंगकांग भागातली ही चूक अजून डोळ्यासमोरून हलत नाही.

मी लहानपणी पुण्याहून आई-वडिलांबरोबर सिंगापूरला आलो आणि इथल्याच पोलिसांतून निवृत्त झालो. त्या सकाळी एका मराठी बाईंनी फोन केला. दारावर कोणीतरी लाल रंग फेकला होता. बाई नाचाचे व्हिडिओ टाकायच्या. त्यातला एक लाखोंनी पाहिला, पुढच्यांकडे फारसं कोणी फिरकलं नाही. मी पोचलो तेव्हा चित्रण चालूच होतं.

"काका, दोन शब्द बोला ना!"

लिफ्टच्या आणि जिन्याच्या कॅमेऱ्यांत रात्रभर कोणी परकं दिसलं नव्हतं, एवढं मला कळलं होतं. काकांनी पोट आत घेतलं आणि ठणकावलं, "गुन्हेगार याच मजल्यावरचा आहे. सोडणार नाही!"

संध्याकाळपर्यंत मी प्रसिद्ध झालो. हॉकर सेंटरवर जेवायला गेलो की लोक माझ्याबरोबर फोटो काढू लागले. मी केस विंचरून ठाण्यात जाऊ लागलो. होते तेवढे.

शेजारच्या फ्लॅटमधल्या तरुण मराठी इंजिनिअरने पूर्वी आवाजाची तक्रार केली होती. माझं वाक्य ऐकून लोकांनी त्याचाच फोटो सगळीकडे फिरवला. मी त्याला चौकशीला बोलावलं, पासपोर्ट जमा करून घेतला.

"सर, मी फक्त गाणं हळू लावा म्हणालो होतो. कंपनीने घरी बसवलंय. कामाचा पास रद्द झाला तर बायको-मुलीला घेऊन देश सोडावा लागेल."

माझ्या प्रत्येक प्रश्नाला तो दोन-दोनदा उत्तर देत होता. निर्दोष माणूस सराईतापेक्षा जास्त घाबरतो, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. त्या दिवशी स्वतःच विसरलो.

घरी बायकोला तो व्हिडिओ पुन्हा एकदा दाखवला.

"हिची तुळस कुठे गेली?" ती म्हणाली.

"कसली तुळस?"

"चपलांच्या स्टँडशेजारची. हिच्या प्रत्येक व्हिडिओत असते."

पाहिलं. कुंडीच्या जागी फरशीवर लाल रंग सांडला होता.

"दुसऱ्या घरातला माणूस रंग फेकण्याआधी तुळस उचलून आत ठेवतो होय?" बायकोने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना ठाण्यात बोलावून एवढंच विचारलं, "तुळस आत कधी नेलीत?"

"आदल्या रात्रीच. रंग उडाला असता ना तिच्यावर..."

आणि त्यांनी जीभ चावली. शेवटी म्हणाल्या, "मॉलमध्ये बायका थांबवून बोलायच्या, काका. मग एक दिवस कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. आपण आहोत की नाही, तेच कळेना."

मला रागावता आलं नाही. माझ्याही खिशात कंगवा होता.

खोट्या फिर्यादीबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली. ती बातमी फारशी कोणी पाहिली नाही. तेव्हापासून मी ज्यात आहे तो व्हिडिओ पाहताना आपल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवतो. मग बाकीचं दिसतं.

कंपनीने इंजिनिअरला परत घेतलं, तरी लिफ्टमध्ये लोक त्याच्यापासून सरकून उभे राहत. पासपोर्ट परत देताना मी खोलीचं दार लावून घेतलं आणि त्याची माफी मागितली.

त्याने पासपोर्ट खिशात टाकला. "सर, दार कशाला लावलंत? आरोप तर कॅमेऱ्यासमोर केला होतात."